बेल्टला लावलेलं पॉलिश

तेव्हा माझं पोस्टिंग पहाडात होतं. ट्रान्सपोर्ट कंपनी, तीस ट्रक आणि ते चालते ठेवणारा मी, हवालदार मेकॅनिक. मुंबईतल्या घोडपदेवचा माणूस; थंडीशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही. रोज ०५३० ला फर्स्ट परेड. ड्रायव्हर बॉनेट उघडून उभे राहायचे आणि मी एकेका फॅन बेल्टवर अंगठा दाबत पुढे जायचो. अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर ढिला, अजिबात नाही दबला तर बेअरिंग जाणार. एवढ्याशा पट्ट्यावर इंजिनचा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो, तिघांचं पोट असतं.

सात नंबर गाडीचा ड्रायव्हर लान्स नायक मिलिंद साळवे. नायगावच्या बीडीडी चाळीतला. कंपनीत मुंबईचे आम्ही दोघंच, त्यामुळे संध्याकाळचा चहा एकत्र. तो मला उस्ताद म्हणायचा. घरी त्याची चार वर्षांची मुलगी होती, प्रज्ञा. मिलिंदचे वडील मिलमध्ये साहेबाची गाडी चालवायचे. मिल बंद पडली तेव्हा साहेबाने ती जुनी गाडी त्यांनाच देऊन टाकली. मिलिंद सुट्टीवर गेला की आधी गाडीचं बॉनेट उघडायचा, मग बॅग. बायको शोभा त्यावरून त्याला बोलायची, हे तोच हसत सांगायचा.

फौजेत इन्स्पेक्शन नावाचा एक आजार आहे. जो हिले उसे सलाम, जो न हिले उसे रंग. टायर काळे, नट पिवळे, बादल्या लाल. त्यात माझी स्वतःची भर म्हणजे फॅन बेल्टला बूट पॉलिश. धुळकट बेल्ट ब्रशने घासला की नवा दिसतो. साहेब बॉनेटमध्ये डोकावतात, मान हलवतात, पुढे जातात. इन्स्पेक्शन संपलं की साबणाच्या पाण्याने बेल्ट आणि पुल्या धुवायच्या, हा त्याच हुकमाचा दुसरा भाग. पॉलिशमध्ये मेण असतं. बेल्ट पुलीवर घसरतो. हे मला चांगलं माहीत होतं.

त्या वर्षी इन्स्पेक्शन संपायला संध्याकाळ झाली आणि लगेच हुकूम आला, दुसऱ्या दिवशी पहाटे ०४०० ला कॉन्व्हॉय निघणार. सगळे दमले होते, मीही. मिलिंद बादली घेऊन आला.

"उस्ताद, बेल्ट धुऊ?"

"राहू दे. परत आल्यावर धू. जेवून घे."

मी एवढंच बोललो.

सकाळी ११४० ला चढावर सात नंबर थांबली. मी सगळ्यात मागे, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरीच्या गाडीत होतो. ती जागा थांबायची नव्हती. वर सुटे दगड, तिथे तसा बोर्डच होता. वायरलेसवर कॉन्व्हॉय कमांडर बोलले, उत्तरं मिलिंद देत होता.

"सात नंबर क्यों रुकी? ओव्हर."

"इंजिन गरम, साब. चार्जिंग की लाल बत्ती जल रही है. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"पंद्रह मिनट. ओव्हर."

"दस में निकालो. आउट."

मी धावत पुढे गेलो. बेल्टला हात लावला तर बोटं काळी. मिलिंदनेही बघितलं. मी डायनामोचे बोल्ट ढिले केले, बेल्ट काढला, पुलीच्या खाचा पुसायला लागलो. मला घाई झाली होती, पाना दोनदा सुटला.

"उस्ताद, हात चालू ठेवा. मी वर बघतो," तो म्हणाला आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

नवा बेल्ट बसत आला होता. तो ओरडला, मी गाडीखाली गेलो. दगड आले तेव्हा मी आडोशाला होतो आणि तो नव्हता. ११५३ झाले होते.

रिपोर्टमध्ये लिहिलं, दरड कोसळून मृत्यू. खोटं नव्हतं. गाडी का थांबली, तर इंजिन गरम झालं. पहाडात इंजिन गरम होतंच, पुढे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. शोभावहिनींना सांगितलं की सगळं एका क्षणात झालं, काही बोलायला वेळ मिळाला नाही. आधी सुट्टी मिळेल तेव्हा आणि रिटायर झाल्यावर दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी त्या घरी जात आलो. जेवत आलो. सव्वीस वर्षं घास उतरत होता, याचं मला आता नवल वाटतं.

गेल्या रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. चाळ पाडायची आहे, खोली रिकामी करायची आहे. आजोबांची गाडी पनवेलला मामाकडे न्यायची.

"काका, गाडी चालू होते, पण नुसती किंचाळते. लाल दिवा जात नाही. आज नाही निघाली तर मामा म्हणतो भंगारात द्या."

मी पाने घेऊन बसने नायगावला गेलो. गुडघे आता जिना चढू देत नाहीत. बरं, गाडी खालीच होती, दोन चाळींच्या मधे. बेल्टवर अंगठा ठेवला. अर्धा इंच. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सुतळी ताणून बघितली, सरळ रेषेत होत्या. डायनामोची पुली हाताने हलवली, डगमगत नव्हती. बेअरिंगचा आवाज नाही. मग बेल्टच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि वास आला.

"बेल्टला काय लावलंस?"

"बूट पॉलिश. परवा गाडी धुतली ना, तेव्हा. बाबा लावायचे. आई सांगते, सुट्टीवर आले की ब्रश घेऊन बसायचे."

पॉलिश घराला आठवत होतं. धुणं कोणालाच नाही.

वहिनी चहा घेऊन खाली आल्या. मी कप घेतला नाही. मडगार्डला टेकून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पॉलिश कोणी शिकवलं ते. तो बादली घेऊन आला होता ते. राहू दे म्हणालो ते. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सव्वीस वर्षं गेली असती आणि तेवढी माझ्याकडे नाहीत.

प्रज्ञा आईकडे बघत राहिली. वहिनींनी कप मडगार्डवर ठेवला.

"म्हणजे ते धुवायला निघाले होते."

"हो."

"भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात, काही बोलायला वेळ मिळाला नाही."

"मिळाला होता. म्हणाला, उस्ताद, हात चालू ठेवा. मी वर बघतो."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते मी मागितलंही नव्हतं. मग वळून जिन्याकडे गेल्या. मला वाटलं, संपलं. इथलं येणं आता संपलं.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बादली होती आणि कपड्यांचा साबण.

"धुवा," त्या म्हणाल्या.

मी बेल्ट काढून धुतला. प्रज्ञाने पुल्यांच्या खाचा पुसल्या. वाळवून परत बसवला, डायनामो ताणला, बोल्ट आवळले. प्रज्ञाने गाडी चालू केली. किंचाळणं बंद झालं. लाल दिवा विझला.

गाडी निघेपर्यंत मी बेल्टकडे बघत नव्हतो. वर बघत होतो, तो बघत उभा होता तसा.

लान्स नायक मिलिंद साळवे, सात नंबर गाडी. त्याच्या कामात कसूर नव्हती. हुकूम माझा होता.