चौदा बाटल्या आणि सुकटीचा डबा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकणार. चौथीनंतर शाळा सुटली आणि वाण्याच्या यादीपलीकडे फारसं कधी लिहिलं नाही. अक्षरही वाकडं आहे, ओळ सोडून खाली घसरतं. ही वही पिठाच्या डब्यामागे राहणार आहे. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं मला माफ करावं आणि वही होती तिथे ठेवावी.

तेव्हा आम्ही सुकापूरला राहत होतो. दोन खोल्या आमच्या, आणि पाठीमागची एक भाड्याने दिलेली. नवरा पळस्पे फाट्यावर सहा आसनी रिक्षा चालवायचा, दिवसभर घरात मी आणि सासूबाई. मी दहा जणांचे डबे करायचे, साड्यांना फॉल लावायचे, उन्हाळ्यात पापड लाटायचे, कुणी बाळंतीण असली तर तिला तेल लावायला जायचे. सगळं यायचं, पण अमुक काम हिच्याकडूनच करून घ्या, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

मागच्या खोलीत करंजाची एक मुलगी राहायला आली. कोळ्यांची. नवीन पनवेलला ती कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचा कोर्स करत होती. पहिल्या दिवशी मी तिच्या पिशव्या उतरवून घेतल्या त्या मदत म्हणून नाही, आत काय आहे ते बघायला. माझा स्वभावच तसा आहे. दुधाची पिशवी फोडली की आधी वास घेते. दळण घरी आलं की पुन्हा वजन करते. कुणी माझ्याशी गोड बोललं की याला काय हवं असेल, हेच आधी मनात येतं.

तिच्याकडे जुना कॉम्प्युटर होता, त्यावर ती एक खेळ खेळायची. दुपारी डबे गेले की मी तिच्या दारात उभी राहायचे.

"काकी, बस ना गो. दारात उभी राहून पोलीसवानी काय बघतेस?"

खेळ असा होता की जमिनीखाली मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्या, आणि खोल्यांत राक्षस, साप, उंदीर. आपण एक जण व्हायचं आणि खाली खाली उतरत जायचं. आधी कोण व्हायचं ते निवडायचं. ती मला वाचून दाखवू लागली.

"हा बुटका, कुऱ्हाड चालवतो. हा लांब कानाचा, जादू करतो. हा मांजराच्या जातीचा, चटकन पळतो."

"तू कोण होतेस?"

"मी मासळीबाई. पाण्यात पडले की मना कोण धरत नाय."

"आणि तो कोण?"

"तो? तो माणूस."

"मग मला तोच दे."

"काकी, माणसात खास काय नाय. तलवार थोडी येते, जादू थोडी, नेम थोडा. पहिला नंबर कशातच नाय."

"बाकीचे कोण कुठले मला काय ठाऊक? माणसाचं निदान माहीत आहे."

"माहीत हाय म्हणून तर घेऊ नये," म्हणाली आणि हसत सुटली.

मी माणूसच घेतला, आणि पुढेही कायम माणूसच घेत आले. माझी इंग्रजीची बोंब, म्हणून तिनं एका कागदावर नेहमीचे इंग्रजी शब्द काढून दिले आणि समोर मराठीत अर्थ लिहिला. मी अक्षराला अक्षर लावून बघायचे. वाटेत रंगीत बाटल्या सापडायच्या. आत काय आहे ते प्यायल्याशिवाय कळत नाही. जखम भरणारं औषध असेल, नाहीतर विष. मी एकही प्यायचे नाही, उचलून झोळीत टाकायचे.

"पी गो काकी! खाली उतरशील तशी लागंल."

"आणि विष निघालं तर?"

"वरच्या मजल्यावर प्यायली तर इष पण पचतं."

एकदा देऊळ लागलं. एखाद्या देवाचं व्हायचं असतं म्हणे, तो मदत करतो. नाव माहीत नसलेल्या देवासमोर मी माझा माणूस वाकवला नाही, परत फिरवला. ती कपाळावर हात मारून घ्यायची. सासूबाई आपल्या खोलीतून ओरडायच्या, "झाला का गो राक्षस मारून? चूल पण इझली का?"

त्या वर्षी पावसाआधी तिनं माझ्याकडे आठ हजार रुपये मागितले. तिच्या बापाची होडी किनाऱ्यावर ओढली होती. जाळी कुजलेली, इंजिन उघडून ठेवलेलं. नारळी पुनवेच्या आत दुरुस्ती झाली नाही तर हंगाम बुडणार होता. माझ्याकडे होते बरोब्बर आठ हजार, सासूबाईंच्या डोळ्याचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्यासाठी मी डब्यांच्या पैशातून ते साठवले होते. दिवाळीनंतर करू असं त्यांना कबूल केलं होतं.

मी दिले. का दिले ते आजही नीट सांगता येत नाही. एवढी माझ्याजवळ बसून बोलणारी दुसरी कुणी नव्हती, हे एक असेल. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही.

आठ दिवसांत तिनं खोली सोडली. घरी हात कमी पडतायत, म्हणाली. कॉम्प्युटर मात्र ठेवून गेली. "मी येईपर्यंत खेळ गो काकी. माणसाला खाली ने."

ती गेली त्याच संध्याकाळी संशयानं मला धरलं. शेजारच्या दुकानातून फोन लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद, आठवड्यानंतरही बंद. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, असल्या जुन्याचे किती येतील? तो म्हणाला, "बाराशे, ते पण गिऱ्हाईक मिळालं तर." मग सगळं उलट दिसायला लागलं. ती मला खेळायला बसवायची ते यासाठीच. माझ्यासाठी कागद लिहिला तोही यासाठीच. मासळीबाई, पाण्यात पडली की कुणाला सापडत नाही, असं तर तिनं तोंडानं सांगितलं होतं.

श्रावण लागून चार दिवस झाले आणि तिची आत्या दारात आली. ही आत्या पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायची. हातात तोंड बांधलेला पत्र्याचा डबा.

"भाचीनं दिलाय. सुकट हाय. काकीनंच उघडायचा, आसं सांगितलंय."

"आणि निरोप?"

"योच निरोप."

श्रावणात आमच्या घरात मासळीचं नाव निघत नाही, गणपती जाईपर्यंत नाही. असल्या दिवसांत कोळ्याच्या पोरीनं सुकट धाडावी, हे मला चिडवल्यासारखं वाटलं. आठ हजारांचा हिशोब मूठभर जवळ्यात! डबा घरात न घेता मी मोरीबाहेरच्या पत्र्याखाली खुंटीला टांगला. दुधाचा वास घेणारी मी, त्या डब्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

पंधरा दिवसांनी भाजीला गेले तेव्हा आत्या बाजाराच्या टोकाला टोपली मांडून बसली होती. श्रावणात तिचं गिऱ्हाईक मोहल्ल्यातल्या बायका. दोघी-तिघी बोंबील निवडत होत्या. मी चारचौघांत मान वर न करणारी बाई, पण त्या दिवशी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तुमची भाची माझे आठ हजार घेऊन पळाली. चोर निघाली."

बायकांचे हात थांबले. आत्यानं माझ्याकडे बघितलं.

"डबा दिला ना तुला?"

"तुमचा डबा घाला समुद्रात!"

तिनं बोंबील तसेच पाटीत टाकले आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला, कितीचे देऊ?" मला वाटलं, खोटी आहे म्हणून गप्प बसली.

पुढच्या सोमवारी दुपारी मी खेळायला बसले होते. माझा माणूस सातव्या मजल्यावर पोचला होता, इतका खाली तो कधीच गेला नव्हता. झोळीत चौदा बाटल्या. दोन राक्षसांनी त्याला कोपऱ्यात धरलं. जीव उतरत उतरत एवढासा राहिला. बाटलीवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. विष असलं तर? आणि माणूस मेला.

मेल्यावर तो खेळ झोळीतल्या वस्तूंची खरी नावं दाखवतो. आधी मी झोळी भरायच्या आतच मरायचे, म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी तिचा कागद घेतला आणि अक्षराला अक्षर लावत गेले. एक बाटली पळण्याची. दोन विषाच्या. आणि कागदावर ज्या शब्दासमोर तिनं "जखम भरते" असं लिहिलं होतं, त्या शब्दाच्या पाच; बाकी सहांची नावं कागदावर नव्हती. पाच बाटल्या खांद्यावर घेऊन तो मेला होता.

मी कॉम्प्युटर बंद केला नाही, तशीच उठले. खुंटीवरचा डबा काढला, पदर नाकाला लावला आणि दोरी सोडली. वास असा उठला की सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या.

"अगो, वाट लावलीस! सोमवार हाय आज! काय उघडलंस?"

मी जवळ्यात हात घातला. तळाला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे होते. दोन हजार. सोबत चिठ्ठी, तिच्या अक्षरात: "काकी, काकांना दिसू नयेत म्हणून यात ठेवले. श्रावणात दुसरं कोण सुकटीत हात घालणार? पण तू सगळ्याचा वास घेऊन बघतेस, तुला सापडतील. फोन इंजिनापायी विकला. बाकीचे होडी पाण्यात गेल्यावर."

"किती हायत?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन हजार."

"मंग सहा राहिले."

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"माझ्या डोळ्याचे पैसे हायत. मना कळणार नाय का कुठं गेले? एक डोळा हाय अजून. जा, आधी हात धू आणि अंघोळ कर."

नोटा मी तीनदा मोजल्या. उजेडात धरूनही बघितल्या. मग फार लाज वाटली. ते दोन हजार माझ्या मोरीबाहेर टांगलेले असताना मी बाजारात त्या पोरीला चोर ठरवून आले होते.

आत्याला तोंड दाखवायला मला आठ दिवस लागले. जाताना रिकामा डबा नेला नाही, धुऊन त्यात नारळीभात भरला. तिनं डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "इष नाय ना?" मी नाही म्हटलं. ती हसली नाही.

होडी पाण्यात गेली. गणपतीनंतर डब्यातून दोन हजार आले, नवरात्रात आणखी दोन. दोन्ही वेळा मी दारातच दोरी सोडली. उरलेल्या दोन हजारांसाठी दिवाळी उलटून गेली. मनात पुन्हा किडा वळवळला, खोटं कशाला लिहू. शेवटी आत्याचा निरोप आला, बाजारात ये.

या वेळी डबा नव्हता. तिनं कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. गिऱ्हाईक होतंच, त्यात मी ओरडले त्या दिवशीची एक बाईही होती.

"मोज," आत्या म्हणाली.

"घरी मोजते. भरवसा आहे."

"घरी नाय. जिथं बोललीस तिथं मोज. मोठ्यानं."

शंभराच्या वीस नोटा होत्या. मी मोजायला लागले. आवाज फुटेना, तर ती म्हणाली, "ऐकू नाय आलं," आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. वीस झाल्यावर मी त्या बाईकडे बघून म्हणाले, "आठ हजार पूर्ण झाले. तिचं काही देणं राहिलं नाही."