दादरची लोंबी

नव्याच्या पुनवेच्या सकाळी हौसा लांज्याच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी होती. मुलाचा, संदेशचा, आदल्या संध्याकाळी फोन आला होता, "आये, ड्रायव्हरकडे पिशवी दिलीय. ओली हाय, उन्हात ठेवू नको." हौसाला वाटलं, नातीने, मनस्वीने, काही खाऊ धाडला असेल. पिशवी उघडली तर आत भाताच्या लोंब्यांची जुडी, सोबत झेंडू, कुरडूची फुलं, आंब्याचं पान, वर दोरासुद्धा गुंडाळलेला. नव्या भाताचं म्हणून आज घरोघरी दाराला बांधतात ते नवं, दादरच्या फुलबाजारातून तयार होऊन आलेलं.

हौसाने पिशवी घाईने मिटली आणि ओळखीचं कोणी बघत नाही ना, ते पाहिलं.

घराखाली व्हाळाच्या पाण्याकडेला तिचे पाच कुणगे. भाताचे पाच लहान तुकडे, पण लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यात तिचे पाय बुडाले नाहीत असा पावसाळा पूर्वी गेला नव्हता. नवरा भागोजी मुंबईला कॅन्टीनमध्ये होता. त्याची मनीऑर्डर मीठ-मिरचीला आणि संदेशच्या वह्यांना पुरायची, पोटाला नाही. भात लावावाच लागे. चिखलात बोटं कुजायची, पण कुठला कुणगा आधी लावायचा, बी कुठलं राखायचं, हे तिचं तीच ठरवायची.

भागोजी गेला. आता संदेशचे पैसे पाच तारखेला येतात. घराला लाद्या आल्या, गॅस आला, फ्रीज आला, आणि शेत गेलं. "माणसं मिळत नाहीत, डुकरं काही ठेवत नाहीत. तांदूळ मी घेऊन देतो ना," संदेश म्हणाला. त्याचं चुकतंय असंही म्हणता येईना, तिथेच तिची पंचाईत होती. दोन पावसाळे कुणग्यांत नुसतं रान माजलं. यंदा मात्र तिने गावदेवीपुढे नारळ ठेवला, की सगळं नाही तर नाही, देवाच्या नव्यापुरता एक कुणगा लावीन. नांगरणीचा टिलर चालवणाऱ्या बाळाला मृगाच्या आधीच सांगितलं. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि लावणीचे दिवस निघून गेले. तेव्हापासून हौसा बाळाच्या नावाने बोटं मोडत होती.

घरी आली तेव्हा शेजारची सगुणा बांधावर आपल्या भाताच्या लोंब्या काढत होती.

"काय काकी, मुंबईचा खाऊ?"

"खाऊ कसला. नवं धाडलंय."

सगुणाला हसू आवरेना. "आधी आपण मुंबईला तांदूळ धाडायचो. आता मुंबई आपल्याला लोंबी धाडते. पुढच्या वेळी शेण मागवा काकी, अंगण सारवायला."

हौसाही हसली. मग तिने जुडीतला एक दाणा काढून दाताखाली धरला. नुसतं टरफल. दुसरा, तिसराही तसाच. हिरवंच कापलेलं.

"हे पोचं देवाला दाखवू?"

"माझ्यातल्या पाच घेऊन जावा," सगुणा म्हणाली आणि जरा घुटमळली. "आणि काकी, बाळाला बोलू नका आता. संदेशनेच त्याला फोन केला होता. आये बोलावील, तरी जाऊ नको म्हणून."

हौसाने हातातली पोची जुडी सगुणाच्या शेळीपुढे टाकली. पोराच्या हातातली काडेपेटी काढून वर फळीवर ठेवावी, तसं तिच्या पोराने तिचं शेत ठेवलं होतं.

तिने सगुणाच्या लोंब्या देवापाशी ठेवल्या, दिवा लावला, हात जोडले. दुसऱ्याच्या शेतातलं दाराला बांधायला मात्र तिचा हात उचलेना. दुपारी संदेशचा व्हिडिओ कॉल आला.

"आये, दार दाखव. मनस्वीला नवं बघायचंय."

तिने मोकळी चौकट दाखवली.

"मी धाडलेलं कुठाय?"

"सगुणाच्या शेळीने खाल्लं. बाळाला फोन तू केलास?"

"तुझे गुडघे बघ आये. चिखलात पडलीस तर मी इथून येईपर्यंत काय?"

"गुडघे माझे हायत. लाद्या तुझ्या, फ्रीज तुझा, मी न्हाय म्हणत न्हाय. कुणगा माझा. आता बाळाला सांग, आये बोलावील तेव्हा जा. तू त्याला सांगशील त्या दिवशी मी दाराला बांधीन."

"सणाचं दार मोकळं ठेवू नये आये."

"ते मला शिकवू नको."

मध्येच मनस्वीने तोंड घातलं, "आजी, लोंबीचं झाड केवढं असतं?"

"ये, दाखवते," हौसा बोलून गेली, आणि काय दाखवणार ते तिलाच सुचेना.

"बघू," संदेश म्हणाला आणि फोन बंद झाला.

चार दिवस हौसा रस्त्यावरून जाणाऱ्या बाळाला, संदेशचा फोन आला का, म्हणून विचारत राहिली. तो मान हलवायचा, "न्हाय काकी, अजून न्हाय." देवापाशीच्या लोंब्या सुकल्या. पाच तारीख यायची होती, तरी पाचव्या दिवशीच फोन वाजला. पैसे जमा झाले होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच. खाली संदेशने लिहिलं होतं, तांदूळ चांगला घे.

तिने फोन फ्रीजवर ठेवला, कोयती घेतली आणि कुणग्यातलं रान तोडायला खाली उतरली. दार मोकळंच होतं.