दिवेलागणीला पडणारं बटण

आमच्या पिंपळगाव राजात वायरमन म्हटलं की शकूरभाई. पण त्यांचा गुडघा गेला आणि शिडी सुटली. घराच्या दुरुस्तीत सगळी वायरिंग नवी करायची म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर आतून त्यांची मुलगी गुलनाज बाहेर आली. "अब्बाले आता चढवत नाही भाभी. मी येते." आयटीआय शिकलेली, सहा वर्षं बापासोबत राबलेली, पण अख्खं घर एकटीच्या हाती तिला कुणी दिलंच नव्हतं. पंखा दुरुस्त करायला गुलनाज, घर बांधलं की खामगावचा मिस्त्री! मी जागच्या जागी हो म्हणून मोकळी झाले.

माझे सासरे रामराव, मामाजी म्हणते मी त्यांना, त्यांच्या कपाळावर आठ्या. "करू दे. पण वास्तुपूजेच्या आदल्या संध्याकाळी घर लागलं पाह्यजे, सारे लाइट चालू. नाही तं खामगावहून मानूस आनतो अन् हे सारं उखडून टाकतो. अन् गोठ्याले हात लावू नको. तिथली वायरिंग माह्या हातची आहे."

म्हणजे घर वेळेत लागलं तर गुलनाज मिस्त्री, नाही तर जन्मभर पंखे.

पहिल्या दिवशी तिनं छिन्नी काढलीच नाही. खडू घेतला आणि माझ्या सासूबाईंना, झुंबरबाईंना म्हणाली, "आजी, तुम्ही सैपाक करा. मी नुसती पाह्यते." सासूबाईंचा हात जिथं जिथं गेला, तिथं तिथं भिंतीवर फुली. आमच्याकडे आजवर ज्यानं कधी चहा उकळला नाही त्याला विचारून स्वयंपाकघरातले प्लग बसत आले. म्हणून तर आमचा मिक्सर जमिनीवर आणि प्लग दाराच्या मागं! सासूबाईंच्या खांद्याच्या उंचीला बोर्डाची फुली पडली तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या.

मग महिनाभर धूळच धूळ. भिंतीत झिऱ्या पडल्या, पाइप बसले, तारा ओढल्या गेल्या. अंगणात अर्थिंगचा खड्डा झाला, त्यात कोळसा आणि मीठ. दाराजवळच्या मेन स्विचच्या डब्ब्यात तिनं एक खास बटण बसवलं. "करंट भलत्या वाटेनं जमिनीत चालला, की हे पडते. मानूस पडायच्या आधी हे पडते."

पूजेला दोन दिवस असताना दुपारी तिनं घर चालू केलं. मी लहान पोरासारखी या खोलीतून त्या खोलीत पळत होते. मिक्सर फिरवला, इस्त्री तापवली, सगळे पंखे एकदम लावले. बटण हललं नाही! आणि दिवेलागणीला खट्ट. घर अंधारात. वर केलं की पुन्हा खट्ट.

दुसऱ्या दिवशी गुलनाजनं एकूण एक जोड तपासला. दुपारभर सगळं ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा खट्ट. पूजा उद्यावर आली होती.

"काढून टाक ते बटण," मामाजी ओरडले. "डायरेक्ट दे!"

"डायरेक्ट दिलं तं घर आत्ता लागते काकाजी. पन मी नाही देणार. बोलवा खामगावचा मिस्त्री." ती डब्ब्यासमोरून हलली नाही. मग ती एकदम माझ्याकडे वळली. "भाभी, दुपारी पडत नाही, याच टायमाले काऊन पडते? या टायमाले घरात कोन काय करते?"

मामाजी टीव्ही लावतात, मी देवापुढं दिवा लावते. तेवढ्यात सासूबाई दुधाची चरवी घेऊन मागच्या दारातून आल्या. "मी? मी गोठ्यातला बल्ब लावते अन् म्हैस काढते."

गुलनाज धावलीच. मी मोबाइलचा उजेड धरून मागोमाग, माझ्यामागं मामाजी. बल्बच्या दोन तारांपैकी एक घरातून आलेली, दुसरी गोठ्याच्या खांबावरून खाली उतरून पाण्याच्या हौदापाशी ठोकलेल्या लोखंडी सळईला गुंडाळलेली. बारा वर्षांपूर्वी गोठ्याची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी तार तुटली होती, तेव्हा मामाजींनी हा जुगाड केला होता. आमच्या भागात पुष्कळ जण करतात. जमिनीत तार घातली की बल्ब लागतो, मग करंट कुठं जातो ते कोण विचारतंय!

"म्हनूनच!" सासूबाई दारातूनच मामाजींना म्हणाल्या. "हौदापाशी ओल्यात पाय पडला की झिनझिन्या येतात, सांगून सांगून थकली मी. तुम्ही म्हने वात आहे, तेल लाव." आमची म्हैससुद्धा संध्याकाळी हौदाकडे फिरकत नसे. तिला आम्ही नखरेल म्हणायचो. मला इतका संताप आला, मामाजींचा आणि माझाही, कारण तेलाची बाटली मीच आणून देत होते.

गुलनाज एवढंच म्हणाली, "काकाजी, आता लावू का हात गोठ्याले?" मामाजींनी मान डोलावली.

अर्ध्या तासात सळई उपटली गेली आणि नवी तार आली. सासूबाईंनी बटण दाबलं. गोठा असा लख्ख झाला की म्हैस वळून बघायला लागली! घरात जाऊन पाहिलं, डब्ब्यातलं बटण वरच. मी गुलनाजला मिठीच मारली, तिच्या अंगावरच्या सिमेंटसकट.

दुसऱ्या दिवशी पूजेला घर माणसांनी भरलं होतं. किसनराव म्हणून मामाजींचे मित्र आहेत, त्यांनी विचारलं, "शकूरनं केली का वायरिंग? झ्याक झाली."

"शकूरनं नाही. गुलनाज मिस्त्रीनं." मामाजी म्हणाले. "अन् मी बारा वर्षं बायकोले करंट देऊन राह्यलो होतो, थे बी तिनंच पकडलं."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "मोठ्यानं सांगा. मागं बसलेल्याईले आयकू गेलं नाही."

मामाजींनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.