‘समजा’वाला अकाउंटंट

माझ्या अकाउंटंटने मला फसवलं. मालाडच्या माझ्या बॅगांच्या कारखान्याचा हिशोब तोच बघतो. चष्मा कपाळावर आणि प्रत्येक वाक्याआधी ‘समजा’.

सरकारी मदतीचं कर्ज कारागिरांच्या पगारावर किती खर्च होतो ते बघून मिळणार होतं. बेरीज करताना तो खुर्चीतून उडालाच. “समजा शेठ, लोन झालं!” मीही उडालो, थकलेल्या पगारांची वाट बघणाऱ्या कारागिरांना पेढे वाटले.

बँकेने फक्त खात्यातून दिलेले पगार धरले आणि अर्ज परत केला. पगार रोख द्या, हा सल्ला याचाच!

“समजा, चुकलं माझं,” म्हणत त्याने फीचं बिल पुढे सरकवलं. त्यात एकही ‘समजा’ नव्हतं.

उद्या कारखान्यात ये रे ‘समजा’वाल्या, आणि कारागिरांसमोर उभा राहून म्हण, “समजा, पगार झाला!”