दोन कार्डं आणि कापसाचा काटा

"साहेब, तुमचा हा डब्बा उचला अन् घेऊन जा. वजनं हातानं लिहाले मी मुनिमाले बोलावून घेतो," शेठ मला दारातच म्हणाले.

नांदुऱ्याकडची ही जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दसऱ्याची सकाळ, खरेदीचा मुहूर्त. वडनेर भोलजीकडून आलेल्या गाड्या कापूस भरून फाटकात उभ्या, आणि वजनकाट्यावरचा आकडा काही केल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येईना. शेठ ज्याला डब्बा म्हणत होते तो सर्व्हर मीच बसवलेला. पण डब्बा गेला असता तर ऑपरेटर वंदनाही घरी बसली असती. तिच्या गावातली कॉम्प्युटरवर काम करणारी ती पहिलीच मुलगी. मला त्याचीच जास्त धास्ती होती.

"काय बदललं इथे?" मी तिला विचारलं.

"काहीच नाही, साहेब." हे ती जमिनीकडे बघून म्हणाली.

सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती, दिसायला अगदी जुळी. एकाची वायर काट्याकडे, दुसऱ्याची ऑफिसकडे. दोन्हींचे दिवे लागत होते. म्हणजे कार्डं धडधाकट. मग घोडं अडलं कुठे? मी सर्व्हरची पेटी उघडली. दोन्ही कार्डांच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट होतं.

"वंदना, हे काय?"

"काल खंडेनवमी होती ना, साहेब. अवजारांची पूजा केली. आत लई रुई साचली होती, म्हणून कार्डं काढून पुसली अन् परत बसवून देली. ज्याची वायर त्यालेच लावली मी."

मला हसू आवरेना. मेख तिथेच होती. कार्ड बसवायच्या खाचेला स्लॉट म्हणतात, आणि स्लॉट ज्या वाटेवर असतात तिला बस. सुरू होताना मशीन या वाटांना शून्यापासून नंबर देतं. शून्य नंबरच्या बसवर भेटलेलं कार्ड पहिलं, एक नंबरच्या बसवरचं दुसरं. पहिलं काट्याचं, दुसरं ऑफिसचं, असं मी त्याला सांगून ठेवलेलं. हा जुना सर्व्हर कार्ड ओळखत नव्हता, जागा ओळखत होता. वायरी बरोबर होत्या, पण कार्डांनी घरं बदलली होती. काट्यासाठीचा निरोप ऑफिसकडे आणि ऑफिसचा काट्याकडे जात होता.

मशीन बंद केलं, कार्डं अदलाबदल करून बसवली, पुन्हा सुरू केलं. पहिली गाडी काट्यावर चढली आणि वजन ऑफिसात उमटलं.

"काऊन बंद पडलं होतं बरं?" शेठनी विचारलं.

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. वंदनाच पुढे झाली. "शेठ, पूजेसाठी मीच खोललं होतं. कार्डं चुकीच्या जागी बसली."

शेठनी फाटकातल्या पुढच्या गाडीला हात केला. "पूजा केली ते बरं केलं. पुढच्या साली बाहेरूनच कर, पोरी. चाल, दुसरी गाडी घे."

मला फार बरं वाटलं. निघण्याआधी मी दोन्ही स्लॉटना 'काटा' आणि 'ऑफिस' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या.

तेव्हापासून कुठलाही ग्राहक "आम्ही काहीच केलं नाही" म्हणाला, की मी आधी विचारतो, काल कोणता सण होता?