धाराशिव ते लातूर विमानतळ : छत्तीस मिनिटं

भूत-भानामतीच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की पहिला खो-खो हसणारा मीच. नको तिथं शहाणपणा करणारा पण मीच... आणि हा प्रसंग त्या शहाणपणातूनच घडला.

मागच्या हिवाळ्यात दाजींचं — माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं — हृदय अचानक बिघडलं. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, "आजच हैदराबादला ऑपरेशन झालं तर ठीक. सकाळची वाट बघू नका." पेशंट नेणारं छोटं विमान ठरलं. फोन मी घेतला. पलीकडचा म्हणाला, "पाच वाजता, लातूर विमानतळ."

मी मनात म्हटलं, बाहेरचा माणूस, त्याला काय कळतंय! लातूर जिल्हा आमच्यातूनच फुटून निघालेला. आमच्या गावाला धावपट्टी असताना विमान तिकडं कशाला उतरंल? आल्या-गेल्या पाहुण्याला कुंपणाबाहेरनं 'आमचं विमानतळ' दाखवणारा माणूस मी. पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

पाच वाजता आमची अँब्युलन्स धावपट्टीच्या गेटवर. आत चिटपाखरू नाही. फोन लावला, तर विमान लातूरला उभं!

"सहाच्या आत या. अंधार पडला की आज उडता येणार नाही."

सत्तर किलोमीटर. दीड तासाचा रस्ता, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवस.

अक्का ओरडली नाही. दाजींचा ऑक्सिजनचा मास्क नीट करत एवढंच म्हणाली, "माझं कुंकू तुझ्या शाणपणावर ठिवलं व्हतं रं म्या."

ड्रायव्हर रफिकभाईंनी सवयीनं मीटर शून्यावर आणला. "मालक, एवढ्या टायमात फकस्त विमानच जाईल. गाडीनं न्हाय होत... पन बसा."

मी पुढं बसलो. पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

ढोकी गेल्याचं मला नक्की आठवतं. पुढं वाटेवरचं मुरूड गाव यायला पाहिजे होतं. ते आलंच नाही. एक ट्रॅक्टर नाही, एक गतिरोधक नाही. दोन्ही बाजूंना ऊस, आणि काटा साठ-पासष्टच्या वर गेलेला नाही. रफिकभाई मधेच हळू आवाजात म्हणाले, "मालक, मुरूड कुठं गेलं?" मी रोजच्या रस्त्यावर पाट्या शोधत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच.

...आणि समोर विमानतळाचं गेट.

पाच वाजून चाळीस. मीटरवर अडतीस किलोमीटर. दाजी विमानात गेले, उजेड असतानाच विमान उडालं. मीटर पुन्हा शून्यावर आणून त्याच रस्त्यानं आम्ही परत निघालो, तर मुरूड जागेवर, ट्रॅक्टरांची रांग जागेवर, आणि धाराशिवला पोचल्यावर मीटरवर एकाहत्तर!

दाजी वाचले. दोन महिन्यांनी मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलो. माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो.

"दाजी, त्या दिवशी माझ्यामुळं..."

"त्या दिवशी?" ते म्हणाले. "दोन दिवस लागले की रे लातूरला. लई लांब. म्या चालतच व्हतो. तुमी तिघं गाडीत झोपला व्हता. ही बी झोपली व्हती. दमली आसंल म्हणून उठवलं न्हाय."

मी अक्काकडं बघितलं. तिनं त्यांच्या पायांवरची चादर जरा वर सरकवली. ऑपरेशन छातीचं झालेलं... आणि दोन्ही तळव्यांना फोड येऊन गेल्याचे वण होते.

माफी मागायची राहिली ती राहिलीच. मी दाजींचे पाय धरले. रफिकभाईंना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असलं तर सांगा... मी हसणार नाही.