साताऱ्याचा आराम, झाशीचा आराम

"मॅडम, माताजी की जाँघ देखी आपने? आप फिज़ियो हैं कि मेहमान?" सर्जनसाहेबांनी भर ओपीडीत मला धारेवर धरलं. माझ्या पेशंट नलूताईंचा खुब्याचा सांधा बदलून सहा आठवडे झाले होते. टाके छान, एक्स-रे छान. पण त्यांची मांडी पार सुकलेली, आणि वॉकर धरूनही चार पावलांत धाप.

दर सोमवारी मी स्वतः फोन करत होते. नलूताईंचे यजमान अप्पा उचलायचे. मी विचारायची, "आराम आहे ना?" ते ठणकावून सांगायचे, "एकदम पूर्ण आराम!" मी खूश.

नलूताईंना तर रडूच फुटलं. दोघं मूळचे साताऱ्याचे, मुलाच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे झाशीला आलेले. आई आपल्या पायांनी डब्यात चढली तरच साताऱ्याला पाठवीन, असं मुलानं बजावलं होतं. "मला माझ्या घरी जायचंय हो," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून मी त्यांचं क्वार्टर गाठलं. घरी पाठवताना मी नलूताईंच्या कमरेला स्टेप काउंटर लावून दिला होता. दिवसात किती पावलं पडली ते ही डबी मोजते. अप्पांनी रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहिलेला. आधी तीनशे, मग दोनशे, आता नव्वद.

"अहो अप्पा, आकडा उतरतोय!"

"उतरणारच! मेहनत घेतलीय मी. चहा, जेवण, पाणी, सगळं पलंगावर."

"आणि व्यायामाचा कागद?"

"कपाटात जपून ठेवलाय. बरं वाटल्यावर करेल ती. तुम्हीच तर दर सोमवारी विचारायचात, आराम आहे ना म्हणून!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या पाच पिढ्या झाशीत गेल्या. हिंदीच्या संगतीनं आमच्या मराठीत आराम म्हणजे बरं वाटणं. साताऱ्यात आराम म्हणजे पडून राहणं! मराठी माणसाशी मराठीत बोलून मी पेशंट झोपवला होता. सरळ माफी मागितली.

नवा सांधा धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू. ते वापरले नाहीत तर वाळतात. म्हणून अप्पांना सक्त ताकीद दिली: पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यायचा नाही. "काय निर्दयी बाई आहात हो!" अप्पा कळवळले. नलूताई मात्र उठल्या. आधी माठापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

दोन महिन्यांनी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. मुलानं व्हीलचेअर मागवली होती. नलूताईंनी तिच्यावर बॅगा ठेवल्या आणि डब्याचा दांडा धरला. अप्पांनी घाईनं हात पुढे केला.

"हात मागे!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. त्या चढल्या.

आता मी फोनवर तब्येत विचारतच नाही. विचारते, "घरात पाणी कोण आणून देतं?"